गाडी ३० मिलिमीटर खाली आणताना: लोअरिंग स्प्रिंग नीट बसवायची म्हणजे काय

लोअरिंग स्प्रिंगांच्या खोक्यात चार स्प्रिंगा असतात, फार तर एक घडी घातलेला कागद. तीस सेकंदांच्या रीलमध्ये गाडी जॅकवरून उतरते, चाक आणि मडगार्ड यांच्यातली ती डोळ्यांत खुपणारी फट भरते आणि संगीत सुरू होतं. पुढच्या महिन्याभरात काय होतं ते कुणी रीलमध्ये दाखवत नाही. पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवलं की ‘टंग’ असा आवाज, खड्ड्यात ‘धप्’, पाच-सात हजार किलोमीटरमध्ये टायरची आतली कड गुळगुळीत. मग दोष स्प्रिंगांवर येतो, ‘आपल्या रस्त्यांना हे झेपत नाही’ असा निकाल लागतो.

स्प्रिंग चांगल्या कंपनीची असेल तर या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा बसवण्यात असतं. नट-बोल्ट सोडवून पुन्हा आवळणं हा कामाचा सोपा भाग. चुका होतात त्या बोल्ट कधी आवळला, रबर किती कापलं आणि टोक कुठे टेकलं यांत.

## आधी स्प्रिंग करते काय ते पाहू

स्प्रिंगची दोन कामं. उभ्या गाडीचं वजन पेलायचं आणि चालत्या गाडीला बसणारा धक्का गिळायचा. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो त्या आकड्याला स्प्रिंग रेट म्हणतात. छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकाला २० न्यूटन प्रति मिलिमीटर धरू, म्हणजे साधारण दोन किलो वजनाला एक मिलिमीटर.

शॉकअब्सॉर्बर, म्हणजे आपला शॉकअप, वजन पेलत नाही. दाबली गेलेली स्प्रिंग उसळून येते, ती उसळी तो मारतो. स्विफ्ट, आय-२०, पोलो, सिटी अशा बहुतेक गाड्यांत पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असतात. त्या खांबाला स्ट्रट म्हणायचं. मागे एक आडवा लवचीक बीम असतो, त्यावर स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. म्हणून पुढचं काम किचकट आणि मागचं त्या मानानं सोपं.

तिसरी वस्तू बंप स्टॉप. शॉकअपच्या दांड्यावर बसलेला हा घड्याघड्यांचा फोमसारखा ठोकळा. काही गॅरेजांत त्याला नुसतं बफर म्हणतात. सस्पेन्शन पार खालपर्यंत दबलं तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून तो असतो.

## उंची जाते, पण खरी कात्री प्रवासाला लागते

उभ्या गाडीचं चाक वर जायला जेवढी जागा शिल्लक असते तिला सस्पेन्शनचा प्रवास म्हणू. समजा आपल्या गाडीत बंप स्टॉप लागेपर्यंत ८० मिमी प्रवास आहे. गाडी ३० मिमी खाली आणली की त्यातले ३० आधीच वापरले गेले. उरले ५०.

आता गंमत बघा. स्प्रिंग जी ऊर्जा गिळते ती प्रवासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. रेट २० आणि प्रवास ८० मिमी असताना एक चाक ६४ ज्यूल गिळू शकतं. ५० मिमीत तेवढंच गिळायचं तर रेट ५१ लागेल, म्हणजे अडीच पटीहून जास्त. एवढी कडक स्प्रिंग रोजच्या गाडीत कुणी बसवणार नाही, पाठीचा भुगा होईल. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा बहुधा १५ ते ३० टक्केच कडक असतात. २५ टक्के धरले तर ऊर्जा येते ३१ ज्यूल. निम्म्याहूनही कमी.

आठ बोटं जाडीची गादी पाच बोटांची केली आणि त्यात थोडा दाबून कापूस भरला, असं समजा. त्यावर बसायला हरकत नाही. उडी मारली की लादी लागणारच. उरलेली ऊर्जा बंप स्टॉपला गिळावी लागते. म्हणून लोअर केलेल्या गाडीत बंप स्टॉप हा सस्पेन्शनचा रोजचा भाग होतो, आणि म्हणूनच तो काढून फेकणाऱ्या फिटरच्या हाती गाडी देऊ नये.

## ‘कॉइल कापली की झालं, स्प्रिंग कशाला विकत घ्यायची?’

ग्राइंडरने स्टॉक, म्हणजे गाडीबरोबर आलेल्या मूळ, स्प्रिंगचा एक वेढा उडवायचा, ही सर्वात स्वस्त पद्धत. सहा चालते वेढे असतील आणि एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते, गाडीही खाली येते. कागदावर ठीक. पण स्प्रिंगचं टोक मूळचं विशिष्ट आकारात वळवलेलं असतं, ते खालच्या वाटीतल्या खाचेत बसतं. कापलेलं टोक तिथे बसत नाही, एका बिंदूवर टेकतं आणि तिथेच तडा सुरू होतो. गॅस कटर लावला असेल तर तापलेल्या भागाचा पोलादी ताठपणाही जातो.

त्याहून वाईट म्हणजे लांबी. मोकळी स्प्रिंग आखूड झाली की चाक हवेत लटकल्यावर ती सैल पडते. मोठ्या खड्ड्यात चाक खाली गेलं, स्प्रिंग जागेवरून सरकली आणि परत येताना तिरकी बसली, तर काय होईल ते सांगायला नको. चांगली लोअरिंग स्प्रिंग नेमकी इथे वेगळी ठरते. तिचे काही वेढे जवळजवळ घेतलेले असतात. ते गाडीच्या वजनाखाली मिटतात आणि चाक लटकलं की उघडून स्प्रिंगला जागेवर धरून ठेवतात.

तार किंचित जाड केली तरी फरक मोठा पडतो, कारण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिमीची तार १३ मिमी केली तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक. म्हणून ‘दिसायला सेम’ स्प्रिंग सेम नसते.

## काम सुरू करण्याआधीची पंधरा मिनिटं

ही सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. सपाट जागेवर गाडी उभी करा, हवा बरोबर भरा, डिकी रिकामी करा. चारही चाकांवर चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. गाडी किती खाली आली ते पुढे याच आकड्यांवरून कळणार आहे.

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर पाच मीटरवर लावून लो बीमची वरची कड कुठे पडते ते पाहा. दिव्याच्या मध्यापेक्षा ती किती सेंटिमीटर खाली आहे तो फरक लिहा. आदल्या रात्री लिंक रॉडच्या (स्ट्रट आणि अँटी-रोल बार जोडणाऱ्या छोट्या दांड्यांच्या) नटांवर आणि स्ट्रटच्या खालच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोकणातली गाडी असेल तर दोनदा मारा.

सुटे भाग आधीच आणायचे: नवे सेल्फ-लॉकिंग नट, स्ट्रटचं वरचं टोक गाडीच्या पत्र्याला जोडणारं माउंट आणि त्याचं बेअरिंग (गाडी ५०-६० हजार किलोमीटर चालली असेल तर नक्की), फाटलेले असतील तर डस्ट कव्हर. काही युरोपीय गाड्यांत ताणून बसणारे बोल्ट असतात, ते एकदा उघडले की परत वापरायचे नसतात. टॉर्कचे, म्हणजे कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा याचे, आकडे त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीचा अंदाज चालत नाही.

## पुढचा स्ट्रट: सगळी धोक्याची जागा इथे

गाडी जॅकवर उचलून नेमून दिलेल्या जागी जॅक स्टँड लावा. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. पुढची दोन्ही चाकं एकदम उतरवा आणि अँटी-रोल बारच्या, म्हणजे वळणावर गाडी कमी कलावी म्हणून डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही लिंक रॉड सोडा. एकच सोडली तर तो बार दुसऱ्या बाजूने जोर लावत राहतो आणि तुम्ही उगाच कटावणीशी कुस्ती खेळता.

स्ट्रटवर अडकवलेली ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर तिच्या क्लिपमधून मोकळी करा. स्ट्रट आणि नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा ओतीव भाग, जोडणाऱ्या बोल्टांभोवती रंगाच्या पेनाने खूण करा. त्या भोकांत थोडी ढिलाई असते. खूण असली की चाकाचा कल साधारण होता तिथे परत आणता येतो.

बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या बाजूला कलंडते. तिला लगेच तारेने किंवा पट्ट्याने बांधा. मोकळी सोडली तर दोन गोष्टी होतात: ब्रेकच्या नळीवर सगळं वजन येतं आणि ड्राइव्हशाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट ओढला जाऊन सुटतो. तो सुटला की दोन तासांचं काम दोन दिवसांवर गेलं.

आता बॉनेट उघडून वरचे माउंटचे नट काढायचे. मधला मोठा नट गाडीवर असताना काढायचा नाही. तो शॉकअपच्या दांड्यावर असतो आणि दाबलेल्या स्प्रिंगला तोच धरून असतो. स्प्रिंग २५ च्या रेटची आणि १०० मिमी दाबलेली असेल तर तिच्यामागे सुमारे २५० किलोचा जोर आहे. तो एकदम सुटला तर साडेबारा किलोचा घण एक मीटरवरून पडल्यासारखा बसतो. फरक इतकाच की तो तोंडाच्या दिशेने येतो.

स्प्रिंग कॉम्प्रेसरचे, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराचे, दोन हूक समोरासमोर, बरोबर अर्ध्या वर्तुळावर लावा. आट्यांना ग्रीस लावा. हाताच्या पान्याने एकदा हा, एकदा तो, असे दोन-दोन फेरे द्या. इम्पॅक्ट गनने (ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्राने) कॉम्प्रेसर फिरवला की आटे तापून जाम होतात किंवा हूक सरकतो. स्प्रिंग वरच्या वाटीत सैल हलायला लागली की मगच मधला नट. तोही दांडा हेक्स कीने धरून काढायचा. गन लावली तर दांडा आत गरगरतो आणि शॉकअपचं सील जातं. नवा कोरा शॉकअप दुसऱ्या महिन्यात तेल गळायला लागतो त्याला पुष्कळदा हेच कारण असतं.

उघडताना एक फोटो काढा. वरून खाली क्रम असतो: नट, माउंट, बेअरिंग, वरची वाटी, रबर, स्प्रिंग, डस्ट कव्हर, बंप स्टॉप. बेअरिंग उलटं बसू शकतं, आणि उलटं बसलं तरी नट आवळला जातो. हीच तर पंचाईत.

## बंप स्टॉप किती कापायचा?

स्प्रिंगबरोबरच्या कागदात आकडा दिला असेल तर तोच. कंपनीने ‘कापू नका’ म्हटलं असेल तर कापायचा नाही. कारण त्या स्प्रिंगचा हिशोबच स्टॉपला धरून केलेला असतो. आकडा असेल तर कापायचं ते दोन घड्यांमधल्या खोबणीत, धारदार सुरीने, सरळ. निमुळता मऊ भाग ठेवायचा, जाड सपाट बाजूने तुकडा काढायचा. धक्क्याचा पहिला स्पर्श मऊ भागाला झाला पाहिजे, म्हणजे तो हळूहळू ताठ होत जातो.

न कापल्याने काय होतं? गाडी उभी असतानाच स्टॉपवर टेकते किंवा टेकायच्या बेतात येते. मग दर छोट्या उंचवट्याला ती बैलगाडीसारखी आदळते आणि मालक म्हणतो ‘स्प्रिंग फार कडक आहेत’. पूर्ण काढल्याने काय होतं? शॉकअपच्या आतला व्हॉल्व्ह फुटतो, आणि पुढे बॉनेटखालचा स्ट्रट टॉवरचा पत्रा वर फुगतो. पहिली चूक त्रास देते, दुसरी खिसा कापते.

## टोक खाचेत आणि अक्षरं सुलट

नवी स्प्रिंग आखूड असल्यामुळे बसवताना कॉम्प्रेसर थोडाच लागतो, कधी लागतही नाही. म्हणूनच घाई होते. खालच्या वाटीत एक पायरी असते, स्प्रिंगचं टोक तिला जेमतेम टेकलं पाहिजे. बोट घालून बघा. फट दहा मिमीपेक्षा जास्त दिसली तर फिरवून घ्या. टोक पायरीवर चढलं असेल तर स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग ताणली जाते आणि मग एकदम उडी मारून जागेवर येते. तो ‘टंग’ आवाज हाच. उलटं बसलेलं किंवा झिजलेलं बेअरिंगही हाच आवाज देतं.

स्प्रिंगवरची छापील अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत. आयबाक, एच अँड आर अशा कंपन्यांच्या स्प्रिंगांवर भाग क्रमांक असतो, पुढची आणि मागची त्यावरूनच ओळखायची. सगळ्या काळ्या किंवा सगळ्या निळ्या असल्यामुळे अदलाबदल होते, आणि मग गाडी नाक वर करून उभी राहते.

## मागचं काम आणि त्यातली एक फसगत

मागे बीमखाली जॅक लावून त्याला किंचित आधार द्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जाताहेत का तिकडे एक डोळा. बीम पुरेसा खाली आला की स्प्रिंग हातानेच निघते. वरखालची रबरं साफ करून नव्या स्प्रिंगवर बसवा, टोक खाचेत, बीम वर, बोल्ट हाताने लावून ठेवा.

चाकं हवेत असतानाच दोन्ही मागच्या स्प्रिंगा हाताने फिरवून पाहा. सैल फिरल्या तर त्या गाडीला त्या स्प्रिंगा योग्य नाहीत, किंवा शॉकअप जास्त लांब आहे.

फसगत जुन्या गाड्यांत होते. काहींमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह एका दांडीने मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. अ‍ॅक्सल वर आला की त्याला वाटतं गाडीत माल भरलाय, म्हणून तो मागे जास्त दाब सोडतो. गाडी लोअर केली की रिकाम्या गाडीतही त्याची हीच समजूत होते. पावसात करकचून ब्रेक लावला तर मागची चाकं आधी लॉक होतात. अशी दांडी दिसली तर ती मॅन्युअलप्रमाणे पुन्हा जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

## बोल्ट कधी आवळायचे, हा अर्धा लेख

सस्पेन्शनच्या हातांच्या टोकांना रबराचे बुश असतात. बाहेरून साधे दिसतात, पण आत रबर एका लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं आणि बोल्ट आवळला की ती नळी जागच्या जागी पक्की होते. हात वरखाली होतो तेव्हा काहीही सरकत नाही, रबर पिळलं जातं. ज्या स्थितीत बोल्ट आवळला ती रबराची विश्रांतीची स्थिती.

चाक हवेत लटकत असताना बोल्ट आवळला तर बुशला वाटतं लटकणं हीच आपली जागा. गाडी खाली ठेवली की तो पिळला जातो आणि तसाच पिळलेला राहतो, उभ्या गाडीतही. उशी चुकली की सकाळी मान आखडते, तसं. रबर काही महिन्यांत फाटतं, आणि तोवर ते स्प्रिंगला विरोध करून गाडी पाच-दहा मिमी वर धरतं. ‘तीस सांगितलं होतं, वीसच खाली आली’ या तक्रारीचं हे एक कारण.

ज्या बोल्टांना तुम्ही हातही लावला नाही तेही यात येतात. लोअर आर्मचे, म्हणजे नकलला खालून धरणाऱ्या हाताचे, आतले बोल्ट कारखान्यात मूळ उंचीवर आवळलेले आहेत. आर्म ३५० मिमी लांब आणि गाडी ३० मिमी खाली, म्हणजे बुश कायमचा सुमारे पाच अंश पिळलेला. म्हणून ते सोडायचे आणि नव्या उंचीवर परत आवळायचे. मागच्या बीमच्या पुढच्या बुशांचंही तसंच.

हे करायचं कसं? सगळे बोल्ट नुसते टेकवा, पक्के करू नका. चाकं लावा, गाडी खाली घ्या, दारापर्यंत दोन-चार फूट मागेपुढे ढकला म्हणजे सस्पेन्शन मोकळं बसेल. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचा नवा आकडा लिहा. मग चारखांबी लिफ्टवर, गाडी चाकांवर उभी ठेवून, खालून टॉर्क रेंचने शेवटचं आवळा. लिफ्ट नसेल तर चाक काढून लोअर आर्म आणि नकल जिथे जोडतात त्या बॉल जॉइंटखाली जॅक लावा आणि तोच आकडा येईपर्यंत उचलून आवळा. एका बाजूला पाच मिनिटं लागतात. तरी शंभरातले किती फिटर हे करतात, हा प्रश्न गॅरेजमध्ये उभं राहून विचारून पाहा.

## टायर आतून का खातं?

स्ट्रट सस्पेन्शन दबलं की चाकाचा वरचा भाग थोडा आत कलतो. हा कल म्हणजे कँबर. ३० मिमीला तो बहुधा अर्धा ते एक अंश बदलतो आणि सगळे त्यालाच दोष देतात. खरा उंदीर आहे टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते.

अर्धा अंश म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण अर्धा अंश वाकडं असलेलं चाक दर किलोमीटरला जवळजवळ पावणेनऊ मीटर आडवं घासलं जातं. खोडरबर कागदावर पावणेनऊ मीटर ओढून बघा, किती उरतो. कँबरने कोणती कड झिजणार ते ठरतं, टोने किती वेगाने ते ठरतं.

म्हणून अलाइनमेंट दोनदा. एकदा काम झाल्याबरोबर, निदान टो सरळ करून घ्यायला. दुसऱ्यांदा ३०० ते ५०० किलोमीटरनंतर, कारण नव्या स्प्रिंगा आणि रबरं काही मिलिमीटर बसतात. छापील कागद मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे आकडे त्यावर असतात. ‘मशीनवर हिरवं आलं’ एवढ्यावर समाधान मानू नका, डावं-उजवं सारखं आहे का ते पाहा. ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा कोन सांगणारा सेन्सरही स्कॅनरवर शून्याला आणावा लागू शकतो.

आणि ते भिंतीवरचं माप विसरू नका. पुढची-मागची उंची वेगवेगळी बदलली असेल तर दिव्यांची दिशा चुकते, समोरच्याच्या डोळ्यांत जाते. लिहून ठेवलेला फरक परत येईपर्यंत हेडलाइटचा स्क्रू फिरवा.

## ‘शॉकअप पण बदलायचेच का?’

३० मिमीच्या आत आणि शॉकअप धडधाकट असतील तर लगेच गरज नाही. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली की गाडीची डुलण्याची गती सुमारे १४ टक्के वाढते आणि जुना शॉकअप त्या प्रमाणात अपुरा पडतो. तरुण शॉकअप ते सांभाळून घेतो, साठ हजार किलोमीटर चाललेला नाही. स्ट्रट उघडा असतानाच दांडा पूर्ण दाबून सोडा. मध्येच मोकळा पडला, अडखळला किंवा तेलाचा ओला पट्टा दिसला तर आत्ताच बदला. तीच मजुरी दोनदा देण्यात काय शहाणपण? ३५-४० मिमीच्या पुढे मात्र आखूड दांड्याचे शॉकअपच हवेत.

## ‘गाडी खाली आली म्हणजे वळणावर चिकटणारच’

अर्धं खरं. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिमीवर धरला तर ३० मिमी म्हणजे साडेपाच टक्के. वळताना बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन तेवढंच कमी होतं. पण स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म आडव्याच्या पलीकडे वर झुकला की गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलंडते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही झपाट्याने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे कलंडवणारा हात लांब होतो. कडक स्प्रिंग ते झाकून टाकते, म्हणून २०-३० मिमीवर गाडी चपळ वाटते. ५०-६० मिमी खाली गेलेली गाडी दिसते झकास, चालते वाईट.

## ‘आपले गतिरोधक?’

इथे भूमिती मालकाच्या बाजूनेही बोलते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. २.४५ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली) गाडी त्याच्या बरोबर मध्यावर असताना तिची चाकंही उंचवट्यावरच असतात, त्यामुळे पोटाखालची जागा फक्त साडेचार सेंटिमीटरने कमी होते. १६५ मिमीची गाडी ३० ने खाली आणली, चार माणसांच्या वजनाने आणखी ३० गेले, तरी सहा सेंटिमीटर शिल्लक.

पण गावाच्या वेशीवर आणि सोसायटीच्या गेटवर जो असतो तो गतिरोधक नव्हे, बांध. दोन फूट रुंद, सहा इंच उंच. चाकं दोन्हीकडे सपाटीवर आणि पोट बांधावर. मूळ गाडी रिकामी असली तर सव्वा सेंटिमीटरने निसटते, लोअर केलेली रिकामी असली तरी घासते. घराच्या वाटेवर असा एक बांध रोज असेल तर आधी त्याची उंची मोजा, स्प्रिंग नंतर मागवा. तिरकी गाडी घालून चाकं एकामागोमाग चढवली की बरंच वाचतं.

## ‘आणि आरटीओ?’

गोड बोलून सांगण्यासारखं इथे काही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेलं कलम १८२ अ असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, असं म्हणतं. ‘आरसी बुकात ग्राउंड क्लिअरन्सचा रकानाच नसतो’ हा गॅरेजमधला युक्तिवाद अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर किती टिकेल याचा विचार ज्याचा त्याने करावा. जर्मन स्प्रिंगांच्या खोक्यात प्रमाणपत्राचा कागद निघतो, तो जर्मनीतल्या टीयूव्ही तपासणीसाठी असतो. इथल्या आरटीओला तो दाखवून काम होत नाही.

निदान एवढं करा: निघालेल्या चारही मूळ स्प्रिंगा, त्यांची रबरं आणि न कापलेले बंप स्टॉप पुसून, तेलाचा हात फिरवून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. म्हणजे कापण्यासाठी बंप स्टॉपचा वेगळा जोड आणायचा, गाडीतला कापायचा नाही. प्रत्येक स्प्रिंगला चिठ्ठी बांधा, पुढची डावी, पुढची उजवी, मागची डावी, मागची उजवी. गाडी विकताना घेणारा पहिला प्रश्न तोच विचारतो, ‘स्टॉक स्प्रिंगा आहेत ना?’